श्रीपाद कृष्ण कोल्हटकर : नाटककाराच्या चालींचे काय झाले?

मराठी संगीत नाटकाची जुनी छापील प्रत उघडली की प्रत्येक पदाच्या डोक्यावर एक छोटी ओळ दिसते. तिची सुरुवात ‘चाल’ या शब्दाने होते आणि पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द दिलेले असतात. त्या काळच्या वाचकाला एवढी खूण पुरत असे. मूळ गाणे त्याच्या कानात असे, त्यामुळे नवे पद तो लगेच गुणगुणू शके. आजच्या वाचकाला ती ओळ काहीच सांगत नाही. खुणेचे गाणेच विस्मरणात गेले असेल, तर खाली छापलेले पद वाचता येते, पण ऐकू येत नाही.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या नाटकांबाबत ही अडचण सर्वांत जास्त जाणवते. कोल्हटकरांना आपण विनोदकार म्हणून ओळखतो, ‘सुदाम्याचे पोहे’चे लेखक म्हणून ओळखतो, ‘महाराष्ट्रगीता’चे कवी म्हणून ओळखतो. आयुष्यातला मोठा काळ त्यांनी आजच्या बुलढाणा जिल्ह्यात, खामगाव आणि जळगाव जामोद या दोन गावी वकिली करण्यात घालवला, हेही आमच्याकडच्या लोकांना ठाऊक असते. परंतु मराठी रंगभूमीच्या संगीताची दिशा ज्यांनी एकदा बदलली, असे कोल्हटकर मात्र आपल्या ओळखीचे राहिलेले नाहीत. प्रस्तुत लेखात मी त्या कोल्हटकरांचा विचार करणार आहे. त्यांनी नेमके काय केले, ते का मागे पडले आणि त्यातले आज काय हाती लागू शकते, हे तीन प्रश्न माझ्यापुढे आहेत.

वऱ्हाडातला वकील

कोल्हटकरांचा जन्म २९ जून १८७१ चा. शालेय शिक्षण अकोल्याला झाले. पुढे ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले, बी. ए. झाले आणि मुंबईस कायद्याची पदवी घेऊन १८९७ च्या सुमारास वऱ्हाडात परतले. वकिलीची सुरुवात अकोल्यास झाली. नंतर खामगाव आणि त्यानंतर जळगाव जामोद.

या दोन गावांचे स्वरूप वेगवेगळे होते. खामगाव ही कापसाची पेठ. कापसासाठीच १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. जळगाव जामोद हे सातपुड्याच्या पायथ्याचे, रेल्वेपासून दूरचे गाव. खानदेशातल्या जळगावाशी गल्लत होऊ नये म्हणून शेजारच्या जामोदचे नाव त्याला कायमचे चिकटलेले. नाटक मंडळ्यांची बिऱ्हाडे, तालमी, छापखाने आणि मासिकांच्या कचेऱ्या पुण्या-मुंबईत होत्या. कोल्हटकर मात्र पक्षकारांचे कागद वाचून झाल्यावर उरलेल्या वेळात नाटके लिहीत होते. मराठी नाटककारांच्या पहिल्या रांगेत बसणारा माणूस रंगभूमीच्या केंद्रापासून इतका लांब राहिला, याची दखल फारशी घेतली जात नाही. पुढे आलेल्या काही गोष्टींचा उलगडा मला या अंतरात सापडतो.

त्यांचे नाव प्रथम गाजले ते टीकाकार म्हणून. ‘विक्रमशशिकला’ या नाटकाचे त्यांनी ‘विविधज्ञानविस्तारा’त केलेले परीक्षण गाजले. दुसऱ्याच्या नाटकावर इतके लिहिणाऱ्याने स्वतः नाटक लिहून दाखवावे, हे ओघानेच आले. १८९६ मध्ये त्यांचे ‘वीरतनय’ किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यानंतर ‘मूकनायक’, ‘गुप्तमंजुषा’, ‘मतिविकार’, ‘प्रेमशोधन’, ‘वधूपरीक्षा’, ‘सहचारिणी’, ‘जन्मरहस्य’, ‘परिवर्तन’, ‘शिवपावित्र्य’ अशी नाटके त्यांनी लिहिली. कथानक बहुतेक वेळा कल्पित, पुराणातले नव्हे. विषय अनेकदा सुधारणेचा. ‘मूकनायक’मध्ये मद्यपानाचा प्रश्न आहे, ‘मतिविकार’मध्ये विधवाविवाहाचा. आणि सर्वत्र कोट्या, इतक्या की त्यांच्या चाहत्यांनाही कधी कधी दम लागावा.

चाल कोणाची?

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आज आपण नाटकाचा लेखक, गीतकार आणि संगीतकार असे तीन वेगळे लोक गृहीत धरतो. कोल्हटकरांनी लेखणी हाती घेतली तेव्हा ही विभागणी नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’ उभे केले, तेव्हा संवाद, पदे आणि पदांच्या चाली हे सारे एकाच डोक्यातून निघाले. किर्लोस्कर मूळचे बेळगावाकडचे. साकी, दिंडी, कामदा, कीर्तनातली वळणे, लावणी आणि कर्नाटकी चाली ही त्यांची शिदोरी होती. गोविंद बल्लाळ देवलांनीही तीच वाट धरली.

म्हणजे नाटककाराने चाल योजायची हा त्या काळचा शिरस्ताच होता. कथा आणि सूर एकाच माणसाने सांभाळण्याची पद्धत जगात इतरत्रही दिसते. रिचर्ड वाग्नर आपल्या ऑपेरांची संहिता स्वतःच लिहीत असे. आजच्या जपानमध्ये पडद्यावर चित्रांसह वाचायच्या आणि पार्श्वभूमीला संगीत असलेल्या कादंबऱ्यांचा एक प्रकार रुजला आहे. त्यात जुन माएदा हा लेखक ‘एअर’ (२०००), ‘क्लॅनाड’ (२००४) यांसारख्या कृतींसाठी कथाही लिहितो, गीतेही लिहितो आणि चालीही रचतो. अशा कृतींत कथेने कुठे थांबावे आणि सुराने कुठे सुरू व्हावे, हे एकच मन ठरवते. हा त्या पद्धतीचा मोठा फायदा. कोल्हटकर याच जातीचे कलावंत होते.

त्यांच्याविरुद्ध एक आक्षेप मात्र घेतला जातो. कोल्हटकरांनी चाली रचल्या नाहीत, उचलल्या. पारशी-गुजराती आणि उर्दू रंगभूमीवर लोकप्रिय झालेल्या चालींवर त्यांनी मराठी पदे बसवली. मग त्यांना चालींचे श्रेय द्यायचे कसे?

हा आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. किर्लोस्करांच्या चालीही बहुतांशी आधीच्याच होत्या. कीर्तनकार, लावणीकार, शाहीर सगळेच तयार चालींवर नवे शब्द बसवत आले. त्या काळी मोल होते ते निवडीला आणि बसवणुकीला. कोणत्या प्रसंगी कोणती चाल घ्यायची, तिचा वेग कुठे आवरायचा, नायिकेच्या तोंडी कोणते वळण शोभेल आणि विनोदी पात्राच्या तोंडी कोणते, हे ठरवणे ही संगीतरचनाच होती. ‘संगीतकार’ हा शब्द तेव्हा त्या अर्थाने वापरात नव्हता, एवढेच.

शिवाय मराठी संगीत नाटकाला पारशी रंगभूमी परकी नव्हती. पुण्यात पारशी मंडळीचे ‘इंद्रसभा’ पाहिल्यावर असे काही मराठीत करावे, हा विचार किर्लोस्करांच्या मनात पक्का झाला, असे सांगितले जाते. किर्लोस्करांनी तिथून कल्पना घेतली, सूर मात्र आपल्या घरचे ठेवले. कोल्हटकरांनी सूरही तिकडचे आणले. साकी-दिंडीच्या संथ, कथनपर चालीपेक्षा या नव्या चाली आटोपशीर, ठेक्याच्या आणि चटकदार होत्या. दोन पात्रांच्या खटकेबाज संवादात त्या सहज मिसळत. पौराणिक आख्यान सांगायला दिंडी उत्तम, पण एकमेकांवर कोट्या करणाऱ्या तरुण-तरुणींना दिंडी कशी पुरेल? कल्पित कथानक, चमकदार संवाद आणि नव्या चाली या तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून आल्या होत्या. त्यामुळे ‘वीरतनय’ प्रेक्षकांना नवे वाटले.

पद क्लिष्ट का होते?

कोल्हटकरांच्या पदांवर दुसरा आरोप क्लिष्टतेचा. त्यांची पदे संस्कृत समासांनी भरलेली असतात, अर्थ पटकन लागत नाही, ही तक्रार जुनी आहे आणि खरी आहे. त्यांच्या गद्यात जो मोकळेपणा आहे तो पदांत क्वचित सापडतो. हे केवळ विद्वत्तेच्या हौसेने झाले, असे मात्र मला वाटत नाही. त्याचे एक कारण थेट चालीत आहे.

कवी आधी शब्द लिहितो आणि मग कोणी चाल लावतो, तेव्हा चाल शब्दांना सांभाळून घेते. चाल आधी ठरलेली असेल तर शब्दांना चालीच्या मापात बसावे लागते. परभाषेतली चाल त्या भाषेच्या मापाने शिवलेली असते. उर्दू-हिंदुस्थानी गाण्यात दीर्घ स्वर प्रसंगी आखूड उच्चारण्याची मुभा असते. मराठी पद्यात ह्रस्व-दीर्घाचा हिशेब जास्त कडक. त्यात मराठीचे विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जागा खातात.

एक साधे उदाहरण घेऊ. ‘राजाच्या वाड्यामध्ये’ असे म्हटले तर १४ मात्रा होतात. तोच आशय ‘राजमंदिरी’ या शब्दात ८ मात्रांत मावतो. सहा मात्रा वाचल्या. आखूड ओळींच्या, ठेक्याच्या चालीत सहा मात्रा म्हणजे जवळजवळ अर्धी ओळ. कोल्हटकरांनी आखूड चाली निवडल्या आणि त्यांत कोटीसह, कल्पनेसह भरपूर अर्थ कोंबायचे ठरवले. मग समासाखेरीज दुसरा उपाय उरत नव्हता. पदातला क्लिष्टपणा हा अशा रीतीने चालीसाठी मोजलेली किंमत होता.

हिशेबाची त्यांना आवडही होती. भारतीय ज्योतिर्गणितावर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. ग्रहांची गणिते मांडणाऱ्या माणसाला मात्रांची गणिते अवघड वाटली नसणार. अडचण निराळीच होती. गणित बरोबर आले तरी प्रेक्षागृहातल्या माणसाला शब्द पहिल्या ऐकण्यात कळावा लागतो. कंपनीच्या बिऱ्हाडात राहणारा नाटककार रोज तालमीत बसतो. नटाची जीभ कुठे अडते, प्रेक्षक कुठे कोरे पाहतात, हे त्याला दिसते आणि तो शब्द बदलतो. देवल स्वतः नटांना शिकवत. जळगाव जामोदला बसलेल्या वकिलाला ही सोय रोज कोठून मिळणार? रंगभूमीपासूनचे अंतर त्यांच्या पदांत उतरले असावे, हे माझे अनुमान आहे. त्यांच्या गद्याला हा फटका बसला नाही, कारण गद्याला तालीम लागत नाही. उलट वकिलीनेच त्यांना विषय पुरवले. त्यांच्या विनोदी लेखांतला पहिला, १९०२ मधला ‘साक्षीदार’, हा कोर्टाच्या आवारातूनच आला आहे. पुढे सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही त्रयी मराठी वाचकांच्या घरची झाली.

एकाचे तीन झाले

१२ मार्च १९११ रोजी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आले. खाडिलकरांनी पदे लिहिली, चाली मात्र गोविंदराव टेंबे यांनी दिल्या. टेंबे हे पेटीवादनात निष्णात, मैफलीत वावरलेले. पुढे १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांसारखा मोठा गवई चाली द्यायला लाभला. नाटकात ख्याल-ठुमरीच्या अंगाचे गाणे आले आणि बालगंधर्वांच्या गळ्याने ते प्रेक्षकांच्या मनात कायमचे बसले. नाटककाराने चाली योजण्याचा काळ इथे संपत आला.

‘एकच प्याला’ने ही विभागणी पूर्ण केली. राम गणेश गडकरी कोल्हटकरांना गुरू मानीत. गुरूने ‘मूकनायका’त हाताळलेला मद्यपानाचा विषय शिष्याने शोकांतिकेच्या टोकाला नेला. पण जानेवारी १९१९ मध्ये गडकरी गेले आणि नाटक त्यांच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आले. त्यातली पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची आणि चाली सुंदराबाईंकडून आलेल्या. नाटक एकाचे, शब्द दुसऱ्याचे, सूर तिसऱ्याचे. ‘सौभद्रा’पासून ‘एकच प्याला’पर्यंत जेमतेम सदतीस वर्षांत एका माणसाच्या कामाचे तीन वाटे झाले.

यात रंगभूमीचा फायदाच झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. तज्ज्ञ गवयाने दिलेली चाल ही हौशी नाटककाराने निवडलेल्या चालीपेक्षा सरस ठरणारच. पण कोल्हटकरांच्या वाट्याला मात्र दुहेरी नुकसान आले. रागदारीची चटक लागलेल्या प्रेक्षकाला त्यांच्या आटोपशीर चाली हलक्या वाटू लागल्या आणि पदांतली समासांची गर्दी जड वाटू लागली. नाटके मागे पडली तशा चालीही मागे पडल्या. १९२७ मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, वि. स. खांडेकरांसारखा पुढच्या पिढीचा लेखक त्यांना गुरुस्थानी मानत होता. साहित्यातली त्यांची जागा पक्की होती. रंगभूमी मात्र पुढे निघून गेली होती. १ जून १९३४ रोजी ते वारले.

मेहकरची शीळ

याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका वकिलाची गोष्ट शेजारी ठेवली की कोल्हटकरांचे काय हरवले ते नीट कळते. ना. घ. देशपांडे यांचा जन्म १९०९ चा. मेहकरला वकिली करत त्यांनी कविता लिहिली. ‘शीळ’ हा त्यांचा पहिला संग्रह १९५४ मध्ये आला, म्हणजे कवीच्या पंचेचाळिशीत. १९८६ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण ‘शीळ’ ही कविता संग्रह निघण्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रभर पोहोचली होती. नागपूरकडच्या जी. एन. जोशींनी ती चाल लावून गायली, तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि मराठी भावगीताच्या इतिहासात तिला आरंभीचे स्थान मिळाले.

देशपांडे यांनी चाल योजली नव्हती. त्यांनी शब्द लिहिले, सूर दुसऱ्याने दिला, आणि तो सूर तबकडीवर उतरल्यामुळे आजही जसाच्या तसा ऐकता येतो. कोल्हटकरांनी शब्द आणि सूर दोन्ही सांभाळले, पण सुराची नोंद झाली ती ‘चाल’ या शब्दापुढच्या एका खुणेत. दोघेही वकील, दोघेही पुण्या-मुंबईपासून दूर. मेहकरच्या वकिलाचे गाणे यंत्राने जपले. जळगाव जामोदच्या वकिलाने आपले गाणे लोकांच्या स्मरणावर सोडले होते. ते स्मरण तीस-चाळीस वर्षांत विरले. ‘मूकनायका’तले एखादे पद गायकांनी पुढे जपले, म्हणून ते उरले. बाकीची शेकडो पदे कागदावर आहेत.

अजून काय करता येईल?

या चाली कायमच्या गेल्या असे म्हणून हात झटकणे मला मान्य नाही. कोल्हटकरांनी दिलेली प्रत्येक खूण एक पत्ता आहे. मूळ गाणे गुजराती किंवा उर्दू नाटकातले असेल, तर त्या नाटकांच्या गायनांच्या पुस्तिका छापल्या जात. त्यांतल्या काही मुंबई-गुजरातेतल्या जुन्या ग्रंथालयांत सापडू शकतात. पारशी रंगभूमीवरच्या गाण्यांच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिका संग्राहकांकडे आहेत. एकच चाल अनेक भाषांतल्या पदांना वापरली जात असे, त्यामुळे एका भाषेत हरवलेला सूर दुसऱ्या भाषेत टिकलेला असू शकतो. मराठी कीर्तनात आणि मेळ्यांच्या पदांतही नाटकाच्या चाली शिरल्या होत्या. तिथेही शोध घेता येईल.

पहिले काम अगदी साधे आहे. कोल्हटकरांच्या सर्व नाटकांतल्या पदांची एक यादी करायची : नाटक, प्रवेश, पात्र, पदाचा आरंभ आणि चालीची खूण. त्यासाठी संगीताचे ज्ञान लागत नाही. लागते ती चिकाटी. खामगाव, जळगाव जामोद, बुलढाणा येथल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांत दरवर्षी विद्यार्थी प्रकल्पांसाठी विषय शोधत असतात. एका वर्गाने एक नाटक वाटून घेतले तरी दोन-तीन वर्षांत यादी तयार होईल. दुसऱ्या टप्प्यावर ती गुजराती आणि उर्दू जाणणाऱ्या अभ्यासकांपुढे ठेवायची. तिसऱ्या टप्प्यावर सापडलेल्या चालींवर पदे बसवून गाऊन पाहायची. मगच ठरवता येईल की ती पदे खरोखर क्लिष्ट आहेत, की सुरावाचून वाचल्यामुळे आपल्याला तशी वाटतात.

हा निकाल कोल्हटकरांच्या बाजूने लागेलच अशी खात्री मी देत नाही. कदाचित पंचवीस चाली सापडतील आणि त्यांतली वीस पदे तरीही जडच वाटतील. पण आज आपण त्यांच्या नाटकांवर जो अभिप्राय देतो तो निम्मा पुरावा न पाहता दिलेला आहे. कोल्हटकर स्वतः वकील होते आणि परीक्षक म्हणून कठोर होते. साक्षीदार हजर असताना त्याची जबानी न घेता दिलेला निकाल त्यांनी मान्य केला नसता.